गुणी बाळ

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या माता-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



महिला मंडळाने आम्हाला विषय दिला ‘बाळाची वाढ’. विषय ऐकून आमच्या मंडळी हसल्या. म्हणाल्या, तुम्ही काय सांगणार? तुमची दोन पोरं कधी वाढली ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का? बोलणे खोटे नाही. आम्ही गिरणी कामगार. १९८८ साली साचे खात्यात बदली म्हणून लागलो. १९८२ च्या संपात आमचा बाप घरी बसला तो बसलाच, म्हणून मिळेल ती पाळी धरायची ही आमची रीत. रातपाळी करून सकाळी घरी यायचे, दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि पोरं आवाज करतात म्हणून बायकोवर ओरडायचे. बदलीवाल्याला कसली रजा? थोरली झाली त्या रात्रीसुद्धा आम्ही साच्यावर होतो. सकाळी कळले, मुलगी झाली.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि आमची गिरणी थांबली. ती पुन्हा सुरू झालीच नाही. हाताला काम नाही, वय पन्नाशी पार केलेले. अशात २०२४ च्या जानेवारीत नात झाली. पोरगा मॉलमध्ये कामाला जातो (ती जागाही एका गिरणीचीच, पण ते असो), सूनबाई एका खाजगी कचेरीत. कायद्याने तिला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. ती संपली आणि नात आमच्या दोघांच्या मांडीवर आली. तेव्हा आज आम्ही बोलतो आहोत ते डॉक्टर म्हणून नाही की मास्तर म्हणून नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाळाशेजारी बसायला सवड मिळालेला माणूस म्हणून बोलतो आहोत.

गिरणीत किती वार कापड निघाले, किती वेळा साचा बंद पडला, याची नोंद ठेवायची आम्हाला सवय. घरात एक कोरी वही पडली होती. तिच्यात आम्ही नातीची नोंद सुरू केली. जन्माचे वजन दोन किलो आठशे. पाचव्या महिन्यात पाच किलो सातशे, म्हणजे दुप्पट. वर्षाला आठ किलो चारशे, म्हणजे तिप्पट. लांबी एकोणपन्नास सेंटीमीटर होती ती वर्षाने त्र्याहत्तर झाली. डोक्याचा घेर चौतीसवरून पंचेचाळीस. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, रेघ बरोबर चालली आहे. तो तक्ता तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. आडव्या बाजूला महिने, उभ्या बाजूला किलो, आणि मधून वर जाणाऱ्या रेघा. आमचे म्हणणे एवढेच की शेजारणीचे बाळ किती वजनाचे याच्याशी ताडून पाहू नका. आपल्याच बाळाची मागच्या महिन्याची खूण आणि या महिन्याची खूण पाहा. रेघ आडवी पडू लागली तर ताईंना विचारा.

पण वजन काट्यावर मोजता येते. बाळ कसे आहे ते कुठल्या काट्यावर मोजणार? आमच्या वहीत आकडे पहिल्या दोन पानांतच संपले. पुढची पाने वेगळीच भरत गेली. त्यातले थोडे वाचून दाखवतो.

‘१२ मार्च. आज तोंडाकडे बघून हसली. पंख्याकडे बघून नाही, आमच्या तोंडाकडे.’ याआधी झोपेत ओठ हलायचे त्याला आपण हसू म्हणतो. माणूस ओळखून हसणे हे साधारण दीड-दोन महिन्यांचे असते. ते एकदा आले की कळते, घरात आणखी एक माणूस आले आहे.

‘जून. पालथी पडली. एक हात अंगाखाली अडकला. रडली नाही, रागावली.’ रडणे आणि रागावणे यातला फरक आम्हाला बाप असताना कळला नव्हता.

‘सप्टेंबर, आठवा महिना. वाटीवर फडके टाकले तर फडके ओढून वाटी काढली.’ हे लहान दिसते, पण फार मोठे काम आहे बरं का. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी आपल्याच तीन पोरांचे असे खेळ बघून मोठा अभ्यास उभा केला. त्याआधी बाळाच्या डोळ्यांसमोरून वस्तू गेली की ती जणू नाहीशीच झाली. आता त्याला कळते की दिसत नाही तरी आहे. बुवाकुक खेळताना पोर खिदळते ते उगाच नाही. आणि याच दिवसांत आई कामावर निघाली की ते गळा काढते. कारण आई दिसत नाही तरी ती कुठेतरी आहे आणि आपल्यापाशी नाही, हे त्याला समजायला लागलेले असते. सूनबाई दाराशी चपला घालायच्या आणि नात आमच्या खांद्यावर डोके आपटायची. सूनबाई रडत जिना उतरायच्या. आम्ही त्यांना सांगायचो, मुली, ती बिघडली नाही, ती शहाणी झाली.

‘नोव्हेंबर. भाताची पेज थुंकली. बोंबलाच्या रश्शात भिजवलेली भाकरी आजीच्या ताटातून ओढून खाल्ली.’ यावर काही भाष्य नको. कोकणचे रक्त आहे.

आमची वही पाहून पोरगा चेष्टा करायचा. त्याला आम्ही चार्ल्स डार्विनची गोष्ट सांगितली. माणूस आणि माकड यांचे नाते सांगणारा हा शास्त्रज्ञ. त्याला १८३९ साली मुलगा झाला. त्याने त्याची टिपणे ठेवली आणि ती पुढे १८७७ साली छापली. त्यात एक मजेची नोंद आहे. बाळ सत्त्याहत्तर दिवसांचे असताना त्याने दुधाची बाटली उजव्या हातात धरली. डाव्या हातात धरावी म्हणून डार्विनने खटपट केली तरी आठवडाभर धरली नाही. कुणीही म्हणेल, मुलगा उजखोरा. पुढे तो निघाला डावखोरा! एवढा मोठा निरीक्षण करणारा माणूस, पण बाळाबद्दलचा अंदाज बाळानेच खोटा पाडला. आमची नात सध्या चमचा डाव्या हातात धरते. आजी तो काढून उजव्यात देते, नात परत डाव्यात घेते. आम्ही आजीला म्हणतो, तिला ठरवू दे. अजून तिचेही ठरलेले नाही.

आता स्वभावाचे बोलू. आमच्या शेजारच्या खोलीत नातीच्याच वयाचा मुलगा आहे. त्याला कुणीही हात पुढे केला की झेप घेतो. पोस्टमनकडे जातो, दूधवाल्याकडे जातो. आमची नात तशी नाही. घरात पाहुणा आला की ती आधी आमच्या लुंगीचा सोगा धरते. मग त्या पाहुण्याचे पाय बघते. मग चप्पल बघते. पाचेक मिनिटांनी तोंड बघते. एवढी तपासणी झाल्यावर एखादे खेळणे नेऊन त्याच्या गुडघ्यावर ठेवते. पण तेवढा वेळ थांबतो कोण? लोक म्हणतात, माणूसघाणी आहे, आजीवर गेली. आजी म्हणते, आजोबांवर गेली.

१९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवराबायकोंनी एक अभ्यास सुरू केला. दोघेही डॉक्टर. शंभरावर बाळे तान्ही असल्यापासून मोठी होईपर्यंत त्यांनी पाहिली. त्यांना दिसले की बाळ येते तेच आपली चाल घेऊन येते. काही बाळांची भूक-झोप घड्याळाप्रमाणे, नवे काही आले तर हसून घेणारी. शंभरात चाळीस अशी. काही तापट, झोप धड नाही, बदल सोसत नाही. ती शंभरात दहा. आणि काही सवडीने रमणारी. आधी मागे सरतात, हळूहळू पुढे येतात. अशी शंभरात पंधरा. उरलेली कुठल्याच खणात बसत नाहीत, आणि आम्हाला तर तेच सर्वात पटले. चांगले बाळ, वाईट बाळ असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचे म्हणणे असे की बाळाची चाल आणि घराची चाल जुळते का ते बघा. सवडीने रमणाऱ्या पोराला लोटालोटी केली तर ते आणखी मागे सरते. तापट पोराला रोज मारले तर ते आणखी तापते. बाळाची चाल बदलणे आपल्या हातात थोडे, आपली चाल बदलणे बरेच.

आपल्याकडे हे सगळे सटवीवर सोपवून मोकळे होतात. पाचवी-सहावीच्या रात्री ती येते आणि भाळावर लिहून जाते म्हणे. आमच्या घरी आता कुणी पाचवी पुजत नाही. पण सटवी गेली आणि तिची पाटी-पेन्सिल आपण हातात घेतली. ‘ही हट्टी’, ‘हा आळशी’, ‘ही भित्री’ असे पोर चार महिन्यांचे नाही तोवर आपणच त्याच्या भाळावर लिहून टाकतो.

त्यातही एक शब्द फार गोड आहे आणि त्या शब्दाने आमचे घर फसले. तो शब्द म्हणजे ‘गुणी’. गुणी बाळ कोणते? जे रडत नाही ते. जे त्रास देत नाही ते.

आमची आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. ती सांगायची, त्या काळात कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची बारीक गोळी द्यायच्या. बाळगोळी म्हणायचे तिला. पोर दिवसभर निपचित पडायचे. शेजारची म्हातारी बघायला असायची, ती म्हणायची, किती गुणी पोर, भोंगा होईस्तोवर हूं की चूं नाही. आमच्या बापालाही दिली होती. आजी हे सांगताना लाजायची नाही आणि रडायचीही नाही. म्हणायची, पोर रडलं तर घरी कोण होतं? हे आमच्याच घरचे नाही. सरकारने मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या रॉयल कमिशनच्या १९३१ सालच्या अहवालातही बाळांना अफू देण्याचा विषय आहे. आम्ही आजीला दोष देत नाही. बाळंतपणाची पगारी रजा म्हणजे काय हे तिच्या पिढीच्या बायांना नुकते कुठे ऐकू येऊ लागले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या बिलाच्या बाजूने भाषण केले आणि १९२९ साली तो कायदा झाला. ज्या बापाने स्वतःची चार लेकरे मातीत दिली, ज्याचा राजरत्न १९२६ साली गेला, तो माणूस दोन वर्षांत दुसऱ्यांच्या बाळांसाठी सभागृहात उभा होता. सूनबाईंची सव्वीस आठवड्यांची रजा पाहिली की आम्हाला आजीची ती बारीक गोळी आठवते.

तर ‘गुणी’. आता जे सांगतो ते आजवर या विहारात आम्ही सांगितलेले नाही. घरच्यांना विचारून सांगतो आहोत. थोरलीला विचारून सांगतो आहोत.

आमची थोरली १९९५ ची. तुम्ही सगळे तिला ओळखता. ती तान्ही असताना अख्ख्या चाळीत तिचे नाव होते, गुणी बाळ म्हणून. रातपाळी करून आम्ही झोपायचो, खाली मिरवणूक चालायची, बँड वाजायचा, बाजूला भांडण व्हायचे, थोरली ढिम्म झोपलेली. आम्ही मित्रांना अभिमानाने सांगायचो, गिरणी कामगाराची पोर आहे, साच्याच्या आवाजात जन्मली. अहो, ती ऐकतच नव्हती.

तुम्ही म्हणाल, इतकेही कसे कळले नाही? त्याचे उत्तर आम्हाला फार उशिरा मिळाले. ज्याला ऐकू येत नाही ते बाळही पहिले काही महिने हुंकार देते. आ-ऊ करते. रडते, हसते, तोंडाकडे बघते. त्यामुळे आई फसते. साधारण सहाव्या महिन्यानंतर बाकीची बाळे बा-बा-बा, दा-दा-दा अशी सुरू होतात, तिथे हे बाळ मागे राहते. आणि तोवर त्याचे डोळे इतके तेज झालेले असतात की दार उघडल्याची हवा लागली, सावली हलली, तरी ते वळून बघते. आपल्याला वाटते, हाक ऐकली.

मंडळींना दीड वर्षाला शंका आली होती. त्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे सांगितले, काही मुलं उशिरा बोलतात, थांबा. सासूने सांगितले, हिचा बापही उशिरा बोलला. आम्ही सांगितले, उगाच पोरीत खोट काढू नकोस. यातले सर्वात वाईट वाक्य आमचे होते. मग पोर हाक मारली की येत नाही म्हणून तिला ‘हट्टी’ म्हणायला लागलो. गुणीची हट्टी झाली. दोनदा हातही उचलला. ते हात कुठे ठेवू असे आजही होते.

तीन वर्षांची झाल्यावर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत नेले. बहिऱ्या लोकांसाठी १९८३ साली उभी राहिलेली ती राष्ट्रीय संस्था आहे. तिथे नीट तपासणी झाली आणि कानाला यंत्र लागले. पण बोली भाषा शिकायचे सर्वात मोलाचे दिवस निघून गेले होते. आता डॉक्टर सांगतात की बाळाच्या कानाची तपासणी एक महिन्याच्या आत व्हावी, दोष आहे की नाही ते तिसऱ्या महिन्यापर्यंत नक्की व्हावे आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू व्हावेत. एक, तीन, सहा. हे तीन आकडे महिला मंडळाने फळ्यावर लिहून ठेवावेत अशी आमची सूचना आहे. तपासणीत सुई नाही, रक्त नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक बोंडी ठेवतात, काही मिनिटांत होते. २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यातही बहिरेपणा धरलेला आहे. अंगणवाडीच्या ताईंना विचारा, कुठे जायचे ते सांगतील.

आणखी एक गोष्ट. त्या काळात काही जाणत्यांनी आम्हाला सांगितले, पोरीशी हाताच्या खुणांनी बोलू नका, मग ती तोंडाने बोलायची नाही. आम्ही ते पाळले. आता साचे खात्यात काम केलेला कुणी इथे बसला असेल तर तो हसेल. साच्यांच्या खडखडाटात कुणाला कुणाचे ऐकू येते काय? तिथे सगळा कारभार हाताने आणि ओठांनी. धोटा अडकला, बॉबिन संपली, मुकादम येतोय, चहाला चल, सगळ्याला खुणा. रात्रभर आम्ही पन्नास माणसांशी हातांनी बोलायचो आणि सकाळी घरी येऊन स्वतःच्या लेकीसमोर हात मागे बांधायचो! तिची शाळा सुरू झाली, तिच्या मैत्रिणी घरी येऊ लागल्या, त्यांचे ते भरभर चालणारे हात पाहिले आणि मग आम्ही दोघे तिच्याकडूनच शिकलो. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्या रात्री तिने आम्हाला शाळेतल्या एका भांडणाची गोष्ट सांगितली, अर्धा तास सांगत होती. पोरगी इतकी बोलकी आहे हे आम्हाला अकरा वर्षांनी कळले.

आता नातीकडे येतो. ती पाच महिन्यांची असताना कुकरची शिट्टी झाली आणि ती दचकली नाही. मंडळींनी आमच्याकडे बघितले, आम्ही मंडळींकडे. दुपारभर आम्ही दोघे तिच्या मागे ताटे वाजवत होतो. कधी वळायची, कधी नाही. जन्मली तिथे कानाची तपासणी झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तपासणीला नेले. पहिल्या खेपेला उजव्या कानाचा निकाल बरोबर आला नाही. तिथल्या बाईंनी नीट समजावले. बाळ हलत होते, सर्दी आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा आणा, याचा अर्थ दोष आहे असा नाही. सगळे कळले. तरी ते पंधरा दिवस आमच्या घरात कुणी पोटभर जेवले नाही. सूनबाई रात्री उठून नातीच्या कानाशी चुटक्या वाजवायच्या. पोरगा कुणाशी बोलायचा नाही. दवाखान्यातून येताना कुणाचे प्रेत घेऊन आल्यासारखे आम्ही आलो होतो.

हे सगळे थोरली बघत होती. तिला ऐकू येत नाही, पण घरातले काही तिच्यापासून लपत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री ती आमच्या समोर येऊन बसली. हातांनी विचारले, बाळाला काय झाले? आम्ही सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारले, माझ्यासारखी झाली तर एवढे वाईट आहे का?

बंधूभगिनींनो, आम्ही कामगार सभांतून बोललो, मोर्चात बोललो. मालकाच्या माणसाला तोंडावर उत्तर दिले. त्या प्रश्नाला आम्हाला उत्तर देता आले नाही. मंडळींनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला. तिला जवळ घेणे नको होते, उत्तर हवे होते.

ती शिवणकामाच्या कारखान्यात जाते. पगार आणते. घराचे लाईट बिल ती भरते. मोबाईलवर मैत्रिणींशी हातांनी बोलत तासन् तास हसते. आमच्या घरात सर्वात जास्त हसणारे माणूस तीच आहे. आणि तिच्यादेखत आम्ही तिच्यासारखे होण्याचा शोक करत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सांगितले, वाईट तुझ्यासारखे होणे नाही. तुझ्या बाबतीत आम्ही जे केले ते पुन्हा हातून होईल, याची आम्हाला भीती वाटते. तिने मान हलवली. पटले की नाही ते आम्हाला अजून माहीत नाही.

पंधरा दिवसांनी नातीला झोपलेल्या अवस्थेत पुन्हा तपासले. दोन्ही कान ठीक. सर्दीच होती. आणि कुकरचे म्हणाल तर चाळीत दिवसाला पन्नास शिट्ट्या होतात, बाळ त्याला सरावते असे बाई म्हणाल्या. पोरगा तिथूनच पेढे आणायला निघाला. आम्ही त्याचा हात धरला. म्हटले, पेढे कशाचे सांगशील घरी? तो उभा राहिला. मग आम्ही पावशेर जिलेबी घेतली आणि घरी सांगितले, सहज आणली. थोरलीने खाल्ली. तिला कळले नसेल असे आम्हाला वाटत नाही.

पण या पंधरा दिवसांत एक गोष्ट झाली. नात बहिरी निघाली तर काय, या भीतीने घरातल्या सगळ्यांनी तिच्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली होती. ती सवय पुढेही राहिली. थोरली तिला दूध, पाणी, पुरे, आणखी अशा खुणा करून दाखवायची. तसे कुठलेही बाळ शब्दाआधी हातानेच बोलते. टाटा करते, बोट दाखवते, नको म्हणून हात झटकते. आमच्या नातीने दहाव्या महिन्यात पहिला शब्द हाताने म्हटला आणि तो होता ‘आणखी’. पहिला तोंडचा शब्द वर्षानंतर आला, ‘आज्जी’. आज्जींनी तो सबंध चाळीला ऐकवला. हाताने बोलले की तोंडाने बोलणार नाही म्हणत होते ना? ही पोर दोन्ही बोलते. एका वेळी बोलते.

तेराव्या महिन्यातली वहीतली नोंद वाचतो. ‘आत्याला हाक मारत नाही. आत्याजवळ जाते, गालावर दोनदा थापटते, आत्या वळली की मग हात करते. इतर कुणाला असे थापटत नाही.’ हे तिला कुणी शिकवले नाही. घरातल्या पाच माणसांपैकी एकीला हाक पोहोचत नाही आणि तिला हात लावावा लागतो, हे तिने स्वतः शोधून काढले. सव्वा वर्ष पुरे व्हायचे होते. पाहुण्याची चप्पल पाच मिनिटे बघत बसणारी ती माणूसघाणी पोर, हीच बरं का. ती बघते म्हणून तिला दिसते.

आता मागच्या महिन्यातले एक सांगतो आणि बसतो. बत्तीस वर्षे गिरणीत काढल्याने आमच्या डाव्या कानाने ऐकू कमी येते. साचे खात्यात उभे राहिलेल्या बहुतेकांचे तसेच आहे. आम्ही ते घरात कधी बोललो नव्हतो. पेपर वाचत बसलो होतो. नात डाव्या बाजूने आली असावी, काहीतरी म्हणाली असावी. आम्हाला पत्ता नाही. मग गालावर दोन थापा बसल्या. वळून बघितले तर हाताने विचारत होती, आणखी आहे का, म्हणजे आमच्या बशीतले बिस्कीट. तेव्हापासून ती उजव्या बाजूने आली तर हाक मारते आणि डाव्या बाजूने आली तर थापटते. मंडळी म्हणाल्या, इतकी वर्षे संसार केला, मला वाटायचे तुम्ही मुद्दाम ऐकत नाही. थोरली मात्र हसत होती. तिने खूण केली, मला माहीत होते.

जयभीम.